देणे लागतो

कर्तव्याचा विचार करताना आपण बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो. एक वाट आज्ञेची. शास्त्राने, वडीलधाऱ्यांनी, राज्याने किंवा आपल्याच विवेकाने ‘हे कर’ असे सांगितले, म्हणून ते करावयाचे. दुसरी वाट ऋणाची. कुणाकडून तरी काही घेतले आहे, ते अद्याप आपल्यापाशी आहे, म्हणून ते फेडावयाचे. दोन्ही वाटा कधी कधी एकाच कृतीशी येऊन मिळतात, तरी माणसाच्या मनावर होणारा त्यांचा परिणाम सारखा नसतो. आज्ञा देणारा दूर गेला की आज्ञेची धार बोथट होते. ऋणाचे तसे नाही. सावकार निवर्तला तरी घेतलेली रक्कम घेतलेलीच राहते. कर्तव्य हे मुळात यांपैकी कोणते, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. येथे तो एका परभाषेतील क्रियापदाच्या आधाराने पाहावयाचा आहे.

ते क्रियापद स्पॅनिश भाषेतील ‘देबेर’ होय. सेवानिवृत्तीनंतर मी स्पॅनिश शिकू लागलो, तेव्हा तिच्या क्रियापदांची लांबलचक कोष्टके पाठ करणे भाग पडले. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या पिढीला त्याचे विशेष भय वाटत नाही. ‘देबेर’ तर अगदी नियमित चालणारे क्रियापद. त्यात पाठांतराला अडचण अशी नाहीच. अडून राहावे लागते ते अर्थापाशी. ‘देबेर’ म्हणजे पैसे देणे असणे, आणि ‘देबेर’ म्हणजेच कर्तव्य असणे. याचे मूळ लॅटिन ‘देबेरे’, आणि तेही ‘दे’ हा उपसर्ग व ‘हाबेरे’ (जवळ असणे) यांपासून झालेले. म्हणजे शब्दशः अर्थ ‘दुसऱ्याचे आपल्याजवळ असणे’. ‘एल देबेर’ हे नाम कर्तव्याचे. तेच अनेकवचनी ‘लोस देबेरेस’ झाले की शाळेतल्या मुलांचा गृहपाठ. आणि हिशेबाच्या वहीतील नावे व जमा या दोन बाजूंना म्हणतात ‘देबे’ आणि ‘आबेर’. पोर्तुगीज भाषेत हेच क्रियापद ‘देवेर’ होते. गोव्यातील जुन्या कुटुंबांना ते परके नसावे. आभार मानताना पोर्तुगीज मनुष्य जो ‘ओब्रिगादु’ शब्द उच्चारतो, त्याचाही मूळ अर्थ ‘मी बांधला गेलो आहे’ असाच आहे.

आता हे क्रियापद चालवून पाहू. वर्तमानकाळात ते असे चालते : देबो, देबेस, देबे, देबेमोस, देबेइस, देबेन. यांत ‘मी’, ‘तू’, ‘आपण’ हे शब्द कोठेच नाहीत, कारण त्यांची गरजच पडत नाही. पुरुष आणि वचन क्रियापदाच्या शेपटातच असते. ‘देबो’ असे म्हटले की देणेकरी कोण हे ठरून गेले; ‘मी’ न उच्चारताही बोलणारा त्यात सापडतो. अर्थात, व्यक्तीला वगळून कर्तव्य सांगण्याची सोयही त्या भाषेत आहेच. ‘आय के’ असे म्हणून पुढे धातू ठेवला की ‘अमुक केले पाहिजे’ एवढेच कळते. कोणी, ते कळत नाही. फरक इतकाच की स्पॅनिशमध्ये हे दोन निरनिराळे प्रयोग आहेत आणि बोलणाऱ्याला त्यांतून एक निवडावा लागतो.

आपल्या मराठीत कर्तव्य सांगण्याचा रूढ प्रकार ‘पाहिजे’चा. मी पत्र लिहिले पाहिजे, मी चिठ्ठी लिहिली पाहिजे, आपण पत्रे लिहिली पाहिजेत. येथे क्रियापद कर्माकडे पाहून बदलते. लिहिणारा कोण याची ते फारशी दखल घेत नाही. द्वितीय पुरुषी ‘लिहावेस’ यासारख्या रूपात ‘स’ लागून कर्त्याची थोडी आठवण राहते, एवढेच. यात एक गुणही आहे. लक्ष कामावर राहते, करणाऱ्याच्या मोठेपणावर जात नाही. पण यातच एक पळवाटही आहे. ‘पत्र लिहिले पाहिजे’ असे म्हणून कर्ता सहज गाळता येतो, आणि वाक्य ऐकावयास पूर्ण वाटते. राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला या रचनेची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्याकडे नस्तीवर हिंदीत ‘कार्रवाई की जाए’ असा शेरा पडे. मराठी कार्यालयांतून ‘कार्यवाही करण्यात यावी’ असा पडतो. वाक्य निर्दोष असते, शेऱ्याखाली स्वाक्षरीही असते. मात्र कार्यवाही करणारा मनुष्य त्या वाक्यात नसतो. ज्या नस्तीवर ‘हे अमुक अधिकाऱ्याने अमुक दिवसापर्यंत करावे’ असे लिहिलेले असे, ती पुढे सरकत असे, हा अनुभव त्या सेवेत असलेल्या प्रत्येकाचा असेल.

भूतकाळाकडे वळल्यावर प्रश्न अधिक खोल जातो. स्पॅनिशमध्ये ‘मी देणे होतो’ हे तीन तऱ्हांनी सांगता येते. ‘देबी’ हा पूर्ण होऊन गेलेला भूतकाळ, ‘देबीआ’ हा त्या वेळी चालू असलेला, आणि ‘ए देबिदो’ हा आजच्या दिवसाला चिकटलेला. ‘देबी देसीर्सेलो’ म्हणजे ‘मी त्याला ते सांगायला हवे होते’. बहुतेक वेळा त्यातून सांगितले नाही हेच समजावयाचे. लक्षात घेण्यासारखे असे की हे वाक्य ‘जर-तर’च्या रूपात नाही. ते निश्चित विधानाच्या रूपात आहे, ज्याला आपले व्याकरण ‘स्वार्थ’ म्हणते त्या रूपात. कृती घडली नाही, पण देणे मात्र खरोखर होते. ते काल्पनिक नव्हते. पश्चात्तापाच्या वेळी मन ‘असे झाले असते तर’ या दिशेला धावते. त्यात दुःख असते. पण थोडा आडोसाही असतो. ‘देबी’ तो आडोसा देत नाही.

मग असा प्रश्न येतो की काळ उलटला म्हणजे देणेही उलटते काय? ‘देबो’चे ‘देबी’ केव्हा होते? या प्रश्नाला व्याकरण आणि कायदा या दोन्ही बाजूंनी हात घालणारा एक पुरुष स्पॅनिश जगात होऊन गेला. आंद्रेस बेल्यो यांचा जन्म १७८१ मध्ये काराकास येथे झाला. १८२९ मध्ये ते चिलीत आले, शासकीय सेवेत शिरले आणि परराष्ट्र खात्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. १८४३ मध्ये ते चिली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १८४७ मध्ये त्यांनी अमेरिका खंडातील स्पॅनिशभाषकांसाठी लिहिलेले व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि १८५५ मध्ये जाहीर होऊन १८५७ पासून अमलात आलेला चिलीचा दिवाणी कायदा हाही मुख्यतः त्यांच्याच लेखणीचा. एकाच माणसाने ‘देबेर’चे काळ लावले आणि देण्याघेण्याचे नियमही लिहिले. व्याकरणात त्यांनी काळांना त्यांच्या परस्परसंबंधांवरून नावे दिली. ‘देबीआ’ हा ‘सह-भूत’, म्हणजे दुसऱ्या एखाद्या गत गोष्टीच्या सोबतीचा. ‘ए देबिदो’ हा ‘पूर्व-वर्तमान’, म्हणजे वर्तमानाला लागून असलेला.

त्यांच्या दिवाणी कायद्यात दायित्वाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक दिवाणी, ज्याची वसुली न्यायालयातून होऊ शकते. दुसरे केवळ नैसर्गिक, ज्याची मागणी न्यायालयात करता येत नाही; पण देणेकऱ्याने ते स्वखुशीने फेडले, तर नंतर ‘चुकून दिले’ म्हणून परतही मागता येत नाही. मुदत उलटून गेलेले कर्ज हे या दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण. आपल्याकडेही न्याय फार निराळा नाही. १९६३ च्या मुदत कायद्याने ठरावीक अवधीनंतर दाव्याचा दरवाजा बंद होतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व स्वाक्षरीचे वचन कोणी दिले, तर त्यासाठी नवा मोबदला नसतानाही ते बंधनकारक ठरते. याचा अर्थ उघड आहे. मुदत संपते ती मागणाऱ्याच्या हक्काची. घेतलेले घेतलेलेच राहते, म्हणूनच ते पुन्हा मान्य करता येते. कायदा ज्याला ‘होते’ म्हणून सोडून देतो, त्याला माणसाने ‘आहे’ म्हणावे की नाही, ही निवड त्याची त्यालाच करावी लागते. नीतीचा प्रांत येथूनच सुरू होतो असे मला वाटते.

भविष्यकाळी ‘देबेरे’ यावर फार थांबावयास नको. देणे आज आहे हे ठाऊक असताना ते उद्यावर ढकलण्यासाठी त्याचा उपयोग सर्व भाषांतून होतो. अधिक मनोरंजक रूप आहे ‘देबेरीआ’. ‘मी खरे म्हणजे जायला हवे’ यातील ‘खरे म्हणजे’ची छटा त्या एका शेपटात येते. बेल्यो यांनी या काळाला ‘उत्तर-भूत’ म्हटले : गत क्षणापुढचा, पण वर्तमानापर्यंत हमखास न पोचणारा. याहून मृदू ‘देबिएरा’ हे रूप आहे. दुसऱ्याला सल्ला देताना स्पॅनिश मनुष्य ‘आपण अमुक केलेच पाहिजे’ न म्हणता ‘देबेरीआ’ वापरतो, आणि ते शोभतेही. तुमचे देणे किती, हे तुम्हीच जाणता. मी फक्त सुचवतो, असा विनय त्यात आहे.

स्वतःच्या बाबतीत मात्र हीच मृदुता धोक्याची ठरते. ‘देबो’ म्हणणारा देणेकरी असतो. ‘देबेरीआ’ म्हणणारा स्वतःच्या देण्याविषयी मत व्यक्त करणारा तिऱ्हाईत होतो. रोजच्या बोलण्यात आपण नेमके उलट वागतो. ‘त्याने आईवडिलांना भेटायला आलेच पाहिजे’ हे निश्चयाने म्हणतो, आणि ‘मीही खरे तर त्यांना पत्र लिहायला हवे’ हे हळूच म्हणतो. दुसऱ्याचे कर्तव्य निश्चयार्थी आणि आपले संकेतार्थी. ही रूपे अदलाबदल करून वापरली, तर कौटुंबिक आणि सामाजिक कटुता बरीच कमी होईल.

दुसऱ्याच्या कर्तव्याविषयी बोलताना स्पॅनिश आणखी एक जागरूकता मागते. ‘क्रेओ के देबेस’ म्हणजे ‘मला वाटते, तू देणे लागतोस’. याला नकार जोडला की ‘नो क्रेओ के देबास’ होते, ‘देबेस’चे ‘देबास’. एक स्वर बदलतो, आणि त्याबरोबर बोलणाऱ्याची जबाबदारीही बदलते. जे मी स्वतः खरे म्हणून सांगतो ते एका अर्थात. जे मला संशयाचे, इच्छेचे किंवा भीतीचे वाटते ते दुसऱ्या अर्थात. तर्कासाठीही निराळी व्यवस्था आहे. ‘तो आजारी असावा’ असे म्हणायचे तर ‘देबे’पुढे ‘दे’ हा छोटा शब्द घालावा, असा शिष्टसंमत संकेत आहे. आपल्याकडे ‘तो आजारी असावा’ आणि ‘माणसाने प्रामाणिक असावे’ या दोन्ही ठिकाणी तेच विध्यर्थी रूप येते. पहिले अनुमान, दुसरे कर्तव्य. त्यामुळे मराठी माणसाला ही काळजी स्वतःहून घ्यावी लागते. लोकांविषयीची आपली अनुमाने हळूहळू त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा होतात, आणि मग त्या पूर्ण न झाल्याबद्दल आपण त्यांना दोषी धरतो.

‘देबिएरे’ हे आणखी एक रूप. बेल्यो यांनी त्याला सांकेतिक म्हटले. पोर्तुगीजमध्ये हा प्रकार रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. स्पॅनिशमध्ये तो आता कायद्याच्या कलमांत आणि जुन्या म्हणींत उरला आहे. ‘दोन्दे फुएरेस, आस लो के बिएरेस’, म्हणजे जेथे जाशील तेथे जसे पाहशील तसे कर. आपले ‘देश तसा वेश’. कायद्याला हे रूप आवडते याचे कारण उघड आहे. ‘जो कोणी देणे असेल त्याने’ असे म्हणताना कोणा एकाकडे बोट दाखवावे लागत नाही.

शेवटी आज्ञार्थ. कोष्टकांच्या पुस्तकांत ‘देबेर’ची आज्ञार्थी रूपे रीतसर छापलेली असतात, पण प्रत्यक्ष बोलण्यात ती जवळजवळ ऐकू येत नाहीत. ‘फेड’ अशी आज्ञा करता येते, ‘दे’ अशी करता येते. ‘देणेकरी हो’ अशी आज्ञा कोण कशी करणार? देणे आधी असावे लागते, आज्ञा नंतर येते. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात नैतिक नियमाला दिलेले नाव मुळात आज्ञार्थाचे आहे, हे येथे आठवते. त्यांची आज्ञा बाहेरच्या धन्याची नव्हे, तर बुद्धीने स्वतःला केलेली. ज्याची इच्छा मुळातच शुद्ध आहे त्याला अशा आज्ञेची गरज नसते, हेही त्यांनी सांगितले आहे. म्हणजे आज्ञार्थ लागतो तो आपल्या मनाच्या ओढाताणीमुळे. कर्तव्याचा पाया त्याहून खाली कोठेतरी आहे, आणि तो ‘देबो’ या साध्या विधानात असावा असे मला वाटते.

यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला नीत्शे यांचा. १८८७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की जर्मन भाषेत अपराध आणि कर्ज यांना एकच शब्द आहे, आणि त्यावरून अपराधी भावनेचे मूळ त्यांनी सावकार-कुळाच्या निष्ठुर व्यवहारात शोधले. दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. ज्याच्याकडून आपण काहीच घेतलेले नाही, त्या अनोळखी माणसाबद्दल, कालच जन्मलेल्या बालकाबद्दल आपले काही कर्तव्य नाही काय? कर्तव्य जर ऋणच असेल, तर धनकोवाचून ऋण कसे?

दोन्ही आक्षेपांना आपल्या परंपरेतील ऋणकल्पनेत बरेचसे उत्तर मिळते. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच असलेली तीन ऋणे सांगितली आहेत : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यांचे ऋण मिळवले आहे. यांतील फेडीची रीत पाहण्याजोगी आहे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, पितृऋण संततीने. म्हणजे ज्यांनी दिले त्यांना ते परत जात नाही. ते पुढच्याच्या हाती जाते. येथे सावकार दारात उभा नाही आणि व्याजही चढत नाही. नीत्शे यांना जी क्रूरता दिसली ती धनको समोर असल्यामुळे. येथे ज्याला द्यायचे ते बालक धनको नाहीच. आपल्याजवळ आलेले पुढे पोचवण्याचे ते ठिकाण आहे. ‘दुसऱ्याचे आपल्याजवळ असणे’ हा लॅटिन शब्दाचा अर्थही याच बाजूचा आहे.

‘देबेमोस’, म्हणजे ‘आपण देणे लागतो’, हे रूप आता घेऊ. या ‘आपण’मध्ये कोण कोण येतात? पित्याचे कर्ज पुत्राने फेडावे, हे पुत्राचे धर्मदायित्व आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ मानले. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ त्या धर्मदायित्वाच्या आधारावर पुत्र, नातू वा पणतू यांच्यावर कारवाई करता येणार नाही, असे ठरले. हे योग्यच झाले. सावकाराला नातवाच्या ताटातला घास मागण्याचा हक्क नसावा. परंतु आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या कुटुंबांनी या प्रश्नाकडे पैशापलीकडेही पाहावे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीत आलेल्या आपल्या पूर्वजांना जो तनखा मिळाला, तो त्या त्या मुलखातील शेतकऱ्यांनी भरलेल्या महसुलातून मिळाला. त्यावर वाडे उभे राहिले, मुले शिकली, मंडळे आणि वाचनालये निघाली. त्या देण्याची मुदत केव्हाच संपली आहे; ते मागायला कोणी येणार नाही. ते मुदतबाह्य आहे म्हणूनच ते मान्य करण्यात अर्थ आहे. फेड कशाने, याचे उत्तर घरोघरी निराळे असेल. जेथे राहतो तेथील हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू वा कोंकणी आपुलकीने शिकणे, आपल्या वाचनालयाचे दार शेजारच्या मुलाला उघडे ठेवणे, ही त्याची सुरुवात असू शकेल.

तीच गोष्ट मराठीची. आपल्या सभांतून ‘मराठी टिकली पाहिजे’, ‘नव्या पिढीने मराठी वाचले पाहिजे’ अशी वाक्ये वर्षानुवर्षे ऐकू येतात. पहिल्यात कर्ता नाही, दुसऱ्यात कर्ता दुसराच आहे. कार्यवाही करण्यात यावी, असाच तो प्रकार. आजीने नातवाला आठवड्यातून एक गोष्ट मराठीत सांगितली, तर त्या वाक्यांतली रिकामी जागा भरते.

आणि त्यासाठी आपल्याला स्पॅनिशकडून शब्द उसना घेण्याचेही कारण नाही. मराठीत ‘पाहिजे’च्या शेजारीच एक जुना, घरगुती प्रयोग आहे : ‘देणे लागणे’. मी वाण्याचे शंभर रुपये देणे लागतो, आणि मी समाजाचे देणे लागतो. पैसा आणि कर्तव्य दोन्ही एकाच क्रियापदात, अगदी ‘देबेर’सारखे. हे क्रियापद कर्त्याकडे पाहूनच चालते : मी देणे लागतो, तू देणे लागतोस, ती देणे लागते, आपण देणे लागतो. याचाही आज्ञार्थ होत नाही. ‘देणे लाग’ असे कोणी कोणाला म्हणत नाही. ते ज्याचे त्यानेच, प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी म्हणावयाचे असते.